तेल आधी कुणाचं संपेल?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: ‘तेल पन्नास वर्षांत संपणार असं शाळेपासून ऐकतोय. खरंच संपलं तर गाड्या, विमानं, शेती, स्वयंपाक हे सगळं चालणार कसं? की तोवर काहीतरी नवीन सापडेलच?’

मी रिझर्वायर इंजिनिअर. उभी नोकरी समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर गेली. खडकात तेल किती आहे, त्यातलं वर किती येईल आणि किती वर्षं येत राहील याचा हिशेब मांडणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर खडकापासूनच सुरू करतो. थोडं लांबेल.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचा मुख्य थर चुनखडीचा आहे आणि त्या दगडाच्या बारीक छिद्रांत तेल अडकून बसलेलं आहे. ओलं फडकं पिळलं की पाणी निघतं, पण कितीही पीळ दिला तरी फडकं कोरडं काही होत नाही, तसाच हा प्रकार. जगाची सरासरी धरली तर खडकातल्या तेलाचा जेमतेम एक-तृतीयांश भाग वर येतो. बाकीचं तिथंच राहतं आणि राहणार.

विहीर नवी असते तेव्हा तेल स्वतःच्या दाबानं वर येतं. दाब उतरला की शेजारच्या विहिरींतून समुद्राचं पाणी खाली सोडून तेल रेटावं लागतं. शिवाय नळीत गॅस सोडून आतला द्रव हलका करावा लागतो, त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. पुढे पुढे ते रेटायला सोडलेलं पाणीच तेलाबरोबर वर यायला लागतं. प्लॅटफॉर्मवर विहिरीच्या तोंडाशी नमुना घेतात आणि निमुळत्या काचेच्या नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. बाहेर काढलं की खाली पाणी, वर काळपट तेल, आणि मधे दोघांच्या घुसळणीतून झालेला तपकिरी पट्टा. नव्या विहिरीच्या नळीत पाण्याची रेघ शोधावी लागते, जुन्या विहिरीच्या नळीत तेलाची. शंभरात ऐंशी-नव्वद भाग पाणी असलेल्या विहिरीही चालू ठेवतात, कारण उरलेल्या दहा-वीस भागांना भाव मिळतो. भाव पडला की तीच विहीर बंद होते, चढला की पुन्हा उघडते. खडकात काहीच बदललेलं नसतं, बदलतो तो जमाखर्च.

१९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगला, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेला, मुंबई हायमध्ये तेल लागलं, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. १९८५ च्या सुमारास हे क्षेत्र दिवसाला पावणेपाच लाख बॅरलच्या घरात होतं (एक बॅरल म्हणजे १५९ लिटर). आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी येतं. पण येतं! २०२५ च्या जानेवारीत त्यातून आणखी काही पिळून काढण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साथीदार म्हणून घेतलं. आणि ज्या ‘सागर सम्राट’नं तेल शोधलं, तिचं रूपांतर तेल काढणाऱ्या फिरत्या प्लॅटफॉर्ममध्ये करून २०२२ च्या अखेरीस तिला पुन्हा कामाला जुंपलं. आसामातल्या दिगबोईत तर १८८९ मध्ये तेल लागलं आणि १९०१ ची रिफायनरी अजून चालू आहे. तेलक्षेत्रं एका रात्रीत मरत नाहीत. ती म्हातारी होतात, आणि म्हातारपण लांबलचक असतं.

आता त्या पन्नास वर्षांबद्दल. जगाचे सिद्ध साठे साधारण १.७ लाख कोटी बॅरल धरतात. रोजचा खप दहा कोटी बॅरलच्या वर आहे. भागाकार केला की पंचेचाळीस ते पन्नास वर्षं येतात. हाच भागाकार १९८० मध्ये केला असता तर तीसच्या आसपास उत्तर आलं असतं, म्हणजे २०१० मध्ये दुकान बंद व्हायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण साठा हा आकडा ‘आजच्या भावात आणि आजच्या तंत्रानं काढायला परवडेल इतकं’ असा असतो. भाव वाढला, तंत्र सुधारलं की साठा वाढतो. व्हेनेझुएलाचा आकडा जगात सगळ्यात मोठा, तीनशे अब्ज बॅरल. पण ते तेल इतकं जड आणि चिकट, आणि तिथला कारभार असा, की एके काळी दिवसाला तीस लाख बॅरलच्या वर असलेलं उत्पादन दहा लाखांच्याही खाली गेलं. कागदावरचा साठा टाकीत ओतता येत नाही.

दुसरी बाजूही ऐका. मॅरियन किंग हबर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल. लोक हसले. १९७० मध्ये ते शिखर आलं आणि पुढची पस्तीसेक वर्षं उतारच होता. मग शेल आलं, घट्ट खडक फोडून तेल काढायचं तंत्र, आणि अमेरिका आज दिवसाला एक कोटी तीस लाख बॅरलच्या वर आहे. त्यामुळे ‘हबर्ट चुकला’ म्हणणारे आता खूश असतात. पण शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त उतरते. म्हणजे पळत राहायचं ते जागेवर टिकण्यासाठी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२५ मध्ये मांडलेला हिशेब असा, की जुन्या क्षेत्रांत पैसा घालणं थांबवलं तर जगाचं तेल दरवर्षी सुमारे आठ टक्क्यांनी घटेल. एका वर्षाची ती घट ब्राझील आणि नॉर्वे यांच्या मिळून उत्पादनाएवढी भरते. तेल-वायू काढण्यावर होणाऱ्या गुंतवणुकीपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास रक्कम नुसती ही घट भरून काढण्यात जाते. आमच्या धंद्यातल्या माणसाला या आकड्याचं नवल वाटत नाही. बाहेरच्यांना वाटायला हवं.

मग एखादं क्षेत्र उतरतं तेव्हा त्यावर जगणारे काय करतात? याचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. मुंबई हायच्या गॅसच्या भरवशावर अलिबागजवळ थळला युरियाचा मोठा कारखाना उभा राहिला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्सचा, उरणला वीजकेंद्र. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात देशाला लागणाऱ्या तेलाचा निम्म्याहून बराच मोठा भाग देशातच निघत होता आणि आता आपण स्वयंपूर्ण होणार अशी भाषा होती. पुढे गॅस कमी पडायला लागला. उरणचं ६७२ मेगावॉटचं केंद्र अनेक वर्षं अर्धपोटी चाललं. खतांना, रसायनांना बाहेरून द्रवरूप गॅस आला, इथेन आला. आज आपण लागणाऱ्या क्रूडपैकी, म्हणजे कच्च्या तेलापैकी, सुमारे ८८ टक्के आयात करतो. थोडक्यात, मुंबई हाय उतरलं तेव्हा मुंबईनं जहाज मागवलं. ब्रिटननंही तेच केलं. उत्तर समुद्रातलं त्यांचं उत्पादन १९९९ मध्ये शिखरावर होतं, आता त्याच्या चौथाईच्या आसपास आहे. लंडनमध्ये कुणाची गाडी त्यामुळे थांबली नाही.

सगळ्या जगाचंच तेल उतरायला लागलं तर जहाज कुठून मागवणार, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर असं, की जहाजं तेव्हाही येतील, फक्त जास्त पैसे मोजणाऱ्याकडे वळतील. तेल सगळ्यांचं एकाच दिवशी संपणार नाही. ज्याच्या खिशात डॉलर नाहीत त्याचं आधी संपेल.

हे अंदाजपंचे सांगत नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेचं संपलं होतं. जगात तेल होतं, महाग होतं, पण होतं. कोलंबोसमोर टँकर येऊन उभे राहत आणि पैसे भरता न आल्यानं माल उतरत नसे. पंपांवरच्या रांगा दिवस-दिवस चालत, त्या रांगांत माणसं दगावली. जूनच्या अखेरीस सरकारनं अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधनविक्रीच थांबवली. शाळा बंद, कचेऱ्या घरून. सरकारी नोकरांना शुक्रवारची सुट्टी जाहीर झाली, कशासाठी तर परसात भाजीपाला लावा म्हणून. जुलैत क्यूआर कोडचा इंधन पास आला: मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर, रिक्षाला ५, मोटारीला २०. रिक्षावाल्याच्या नजरेनं बघा. ५ लिटर म्हणजे फार तर एक-दीड दिवसाचा धंदा, उरलेले दिवस रिक्षा दारात. पण त्या पासानं एक गोष्ट केली. रांगा आटल्या, कारण आपल्याला निदान इतकं मिळणारच हे लोकांना कळलं. टंचाईत माणूस जेवढा तुटवड्याला घाबरतो त्याहून जास्त अनिश्चिततेला घाबरतो. रेशनच्या रॉकेलचा ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

क्युबाचं उदाहरण याहून मोठं आणि लांबलेलं. १९८९ पर्यंत सोव्हिएत संघाकडून वर्षाला एक कोटी तीस लाख टनांच्या आसपास तेल येत होतं. सोव्हिएत संघ कोसळला आणि दोन-तीन वर्षांत ते निम्म्यावर आलं. अमेरिकेची नाकेबंदी होतीच, दुसरीकडून घ्यायला पैसे नव्हते. सरकारनं त्याला ‘शांततेच्या काळातला विशेष कालखंड’ असं नाव दिलं. चीनमधून दहा लाखांच्या वर सायकली आल्या. ट्रकच्या तोंडाला जोडलेल्या, दोन उंचवट्यांच्या लांबच लांब बसगाड्या हवानात धावायला लागल्या, लोक त्यांना उंट म्हणत. ट्रॅक्टर उभे राहिले आणि बैल पुन्हा औताला आले. बैल मिळाले, पण औत धरता येणारी माणसं शोधावी लागली. शहरातल्या मोकळ्या जागांवर वाफे घालून खताऐवजी कंपोस्टवर भाजीपाला पिकवला, आणि तो प्रयोग चांगला टिकला.

आपल्याकडे सेंद्रिय शेतीवर बोलणारी मंडळी इथंच थांबतात. पुढचं सांगत नाहीत. त्या वर्षांत मोठ्या माणसांचं वजन सरासरी चार-पाच किलोंनी उतरलं. जीवनसत्त्वांच्या अभावानं डोळ्यांचा आणि नसांचा विकार पसरला, पन्नास हजारांहून जास्त लोकांना झाला. मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले हेही खरं, नंतर तसा अभ्यास प्रसिद्ध झाला, पण उपासमार हा काही आरोग्याचा कार्यक्रम नव्हे. क्युबा तगला त्यामागे रेशनची घट्ट व्यवस्था होती, गल्लोगल्ली डॉक्टर होते, आणि बोलायची सोय नसलेली जनताही होती. त्याच सुमारास सोव्हिएत मदत तुटलेल्या उत्तर कोरियात खत आणि इंधन आटलं आणि तिथं दुष्काळात लाखो माणसं मेली. तेल सारखंच तुटलं, निकाल वेगळा लागला. आणि क्युबानं तरी पुढं काय केलं? व्हेनेझुएलाच्या तेलावर टेकला. २०२४ च्या ऑक्टोबरात अख्ख्या देशाची वीज गेली.

याच्या उलट नेपाळ. २०१५ मध्ये सीमेवरची वाहतूक अडली आणि काही महिने पेट्रोल, डिझेल, सिलिंडर सगळ्याची मारामार झाली. काठमांडूत लोक गच्चीवर चुली मांडून स्वयंपाक करत होते. पुढच्या दहा वर्षांत तिथं जलविद्युत प्रकल्प एकामागून एक सुरू झाले, करांची रचना विजेवरच्या गाड्यांच्या बाजूनं झाली, आणि आता नेपाळात येणाऱ्या नव्या मोटारींत बहुसंख्य विजेवरच्या असतात. इथिओपियानं तर २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारी आयात करायलाच बंदी घातली. दोन्ही देश श्रीमंत नाहीत. पर्यावरणाच्या प्रेमापेक्षा डॉलर वाचवायचे म्हणून हे केलं, आणि म्हणूनच ते टिकेल असं मला वाटतं.

‘नवीन काही सापडेल का’ याचं उत्तर यातच आहे. एक गोष्ट सापडून तेलाची जागा घेणार नाही. तेलाची कामं एकेक करून त्याच्या हातून निघून जातील, आणि जाण्याला क्रम आहे. १९७३ च्या ऑक्टोबरातल्या युद्धानंतर अरब देशांनी पुरवठा रोखला आणि बॅरल तीन डॉलरवरून बारा डॉलरपर्यंत गेलं. तेव्हा जगातली जवळजवळ पाव वीज तेल जाळून होत होती. आज तीन टक्केही होत नाही. फ्रान्स अणुविजेकडे गेला, डेन्मार्कनं पवनचक्क्यांचा नाद धरला, बाकीचे कोळसा आणि गॅसकडे वळले. ते काम तेलाच्या हातून कायमचं गेलं. घरातला दिवा गेला, कंदील माळ्यावर पडले. रेल्वे गेली: १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेवरची पहिली गाडी धावली, कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आली, आणि आता देशातले जवळजवळ सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेचे आहेत. सध्या स्कूटर, रिक्षा, शहरातल्या बस आणि छोट्या मोटारी चालल्या आहेत. २०२४ मध्ये जगात एक कोटी सत्तर लाखांहून जास्त विजेवर चार्ज होणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या, दर पाच नव्या मोटारींत एक.

इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तेलात जेवढी ऊर्जा जळते तेवढी वीज काही लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनात शंभरातले वीस-तीस भाग चाकाला मिळतात, बाकी उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून जातात. विजेच्या मोटरीत ऐंशीच्या वर मिळतात. अर्थात आपली वीज अजून बहुतांश कोळशाची आहे, तेव्हा हवेच्या दृष्टीनं फार टेंभा मिरवायचं कारण नाही. पण कोळसा देशातला आहे, सूर्यही देशातला आहे. तेलाचं तसं नाही.

अवघड आहे ते पुढचं. भारतात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत एकट्या डिझेलचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. घाट चढणारा सोळा चाकी ट्रक, उसाचा ट्रॅक्टर, खोदकामाची यंत्रं, मच्छीमार बोटी. विमानाचं तर गणितच जुळत नाही. विमानाच्या इंधनात किलोमागे बारा युनिट ऊर्जा असते, आजच्या चांगल्या बॅटरीत पाव युनिट. तेव्हा विमानं द्रव इंधनावरच उडतील, ते इंधन वनस्पतींपासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेलं असेल, महाग असेल, आणि स्वस्त तिकिटांचे दिवस जातील. जहाजांचं थोडं गमतीशीर आहे. समुद्रावरून जाणाऱ्या मालात वजनानं सुमारे चाळीस टक्के कोळसा, तेल आणि गॅसच असतो. ते वाहणं कमी झालं की जहाजांचं कामही कमी होतं.

आणि रिफायनरीचं कोडं आहेच. बॅरल चुलीवर चढवलं की त्यातून गॅस, नाफ्था (प्लास्टिकचा कच्चा माल), पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल, फर्नेस ऑइल, डांबर असं सगळं एकाच वेळी उतरतं. प्रमाण थोडं मागंपुढं करता येतं, पण मला फक्त नाफ्था हवाय, पेट्रोल नको, असं म्हणता येत नाही. उद्या पेट्रोलला गिऱ्हाईक उरलं नाही तर प्लास्टिकचा नाफ्था, रस्त्याचं डांबर आणि विमानाचं इंधन या तिघांनी मिळून अख्ख्या बॅरलचा खर्च उचलायचा. त्यात गंधक! जगातलं बहुतेक गंधक तेल आणि गॅस शुद्ध करताना निघतं. त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि त्याच्याशिवाय फॉस्फेटचं खत बनत नाही. डीएपी या फॉस्फेट खताची गोण शेवटी रिफायनरीशी बांधलेली आहे, हे कृषी खात्यातल्या किती जणांच्या डोक्यात असेल कुणास ठाऊक. सलाइनच्या पिशव्या, सिरिंज, औषधांचे कच्चे पदार्थ यांना तेल लागतं, पण तुलनेनं फारच थोडं. त्यासाठी तेल कमी पडेल अशी चिंता करू नका.

इथेनॉलबद्दल महाराष्ट्रात बोलणं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला हात घालणं, तरी घालतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलची मजल आपण २०२५ मध्ये गाठली. साखर कारखान्यांना त्यानं आधार मिळाला, उसाचे पैसे वेळेवर निघायला मदत झाली, ते मान्य. पण तेलाला पर्याय म्हणून हिशेब करा. हेक्टरी ८० टन ऊस, टनाला रसापासून ७० लिटर इथेनॉल, म्हणजे ५,६०० लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा, तेव्हा पेट्रोलच्या भाषेत ३,७०० लिटर. लिटरला १५ किलोमीटर धरले तर मोटार पंचावन्न हजार किलोमीटर चालेल. त्याच हेक्टरवर सौर पॅनेल टाकले तर वर्षाला आठ लाख युनिटच्या आसपास वीज येते आणि विजेवरची मोटार युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. उसाच्या बाजूनं बगॅसची, म्हणजे चिपाडाची, वीज मोजा, पॅनेलच्या बाजूनं चार्जिंगमधली गळती आणि रात्रीचा साठा वजा करा, तरी तीस पटींच्या खाली फरक येत नाही. आणि पॅनेलला पाणी लागतं ते धुण्यापुरतं. मळीपासून किंवा खराब धान्यापासून इथेनॉल करा, माझं काही म्हणणं नाही. पण लातूर-धाराशिवला बोअर आटत असताना मोटारीच्या टाकीसाठी ऊस लावणं हा तेलटंचाईवरचा उपाय नव्हे.

शेतीपंपांचं मात्र सौरऊर्जेवर झपाट्यानं चाललंय आणि ते चांगलं आहे. एवढंच की दिवसभर फुकट चालणारा पंप दिवसभर उपसतो. डिझेलच्या भावानं उपशाला जो लगाम होता तो सुटतो. पाण्याची पातळी हा पुढचा प्रश्न होईल.

माझी खरी काळजी स्वयंपाकघराची आहे. देशात घरगुती गॅसच्या तेहतीस कोटींच्या आसपास जोडण्या आहेत आणि लागणाऱ्या गॅसपैकी साठ टक्के बाहेरून येतो, बहुतेक आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. क्रूडसाठी निदान विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूरला खडकात कोरलेल्या गुहा आहेत, ५३ लाख टनांच्या, म्हणजे देशाच्या साडेनऊ दिवसांच्या. सिलिंडरच्या गॅसची साठवण त्या मानानं फारच तोकडी. ज्या घरांनी चूल मोडून टाकली, त्यांच्याकडे आता मागं जायला चूलही नाही आणि सरपणही नाही. इंडक्शन हा सरळ उपाय, पण चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी दीड-दोन किलोवॉटच्या शेगड्या लावल्या तर सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर काय म्हणेल, हे आधी बघावं लागेल. आणि भाकरी फुगवायला ज्योत लागते. शेगडी खपवणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार केला असता तर अर्ध्या महाराष्ट्रात ती कधीच पोचली असती.

आता वेगाबद्दल, कारण सगळं तिथंच अडतं. ट्रक पंधरा वर्षं चालतो, जहाज पंचवीस, विमान पंचवीस-तीस, रिफायनरी चाळीसच्या वर. समुद्रात नवं क्षेत्र शोधून पहिलं तेल यायला सात-दहा वर्षं लागतात. आज कंपन्यांचे संचालक विचारतात, दहा वर्षांनी पेट्रोलला गिऱ्हाईक असेल का? नक्की सांगता येत नाही, म्हणून पैसा आखडता घेतात. तिकडे ट्रकवाला विचारतो, विजेवरचा घेतला तर नगरच्या पुढे चार्ज कुठं करू? म्हणून तो डिझेलचाच घेतो. पुरवठा आणि मागणी दोन्ही उतरणार, पण हातात हात घालून उतरतील याची कुणी हमी देत नाही. मागणी आधी उतरली तर २०२० च्या एप्रिलसारखं होतं, अमेरिकेत एक दिवस बॅरलचा वायदा शून्याखाली सदतीस डॉलरवर गेला, म्हणजे घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. पुरवठा आधी उतरला तर २००८ च्या जुलैसारखं, १४७ डॉलर. पुढची तीस-चाळीस वर्षं अशा हेलकाव्यांची जातील, अशी माझी अटकळ आहे. स्वस्ताईच्या टप्प्यात लोक विजेच्या गाड्या विसरतील, महागाईच्या टप्प्यात एखादा श्रीलंका होईल.

यात एक वाईट वाट आहे, तीही सांगून ठेवतो. कोळशापासून पेट्रोल-डिझेल करता येतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं केलं, दक्षिण आफ्रिकेनं १९५५ पासून सासोलबर्गला केलं, आणि तो देश आजही करतो. कोळसा भरपूर देशांकडे आहे. घाबरलेलं सरकार सगळ्यात आधी त्याकडे धावेल, आणि त्यात तेल जाळण्यापेक्षा दुपटीच्या आसपास कार्बन हवेत जातो. हायड्रोजनचा गाजावाजा चालू आहे. खतासाठी, पोलादासाठी त्याचा उपयोग होईल, स्कूटरसाठी नाही. तूर्तास एवढंच.

शेवटी एक काम, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. तेल काढणं थांबलं तरी विहीर तशीच सोडून येता येत नाही. नळीत ठरावीक खोलीवर सिमेंटचे बूच बसवावे लागतात, दाब धरून ते टिकतात का पाहावं लागतं, मग समुद्रतळाखाली नळी कापून वरचं लोखंड उचलायचं. उत्तर समुद्रात हे काम चालू आहे, त्यावर अब्जावधी पौंड खर्च होणार आहेत आणि करसवलतींमुळे त्यातला मोठा वाटा ब्रिटिश करदात्याच्या डोक्यावर आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर अशी शेकडो बांधकामं उभी आहेत, कित्येक सत्तर-ऐंशीच्या दशकातली. ज्या रिगनं विहीर खोदायची तशाच रिगनं ती बुजवायची असते, आणि रिगचं भाडं दिवसावर असतं. उत्पन्न चालू आहे तोवर यासाठी पैसा बाजूला काढून ठेवला नाही, तर तेल संपल्यावर विहीर काही तो देणार नाही.